लाटसाहेबाच्या घरचा नाच

आमच्या दिघोरीकडे दिवाळी सरली की मंडया सुरू होतात. दिवसा बाजार, पाळणे आणि जिलबी; रात्री दंडार नाहीतर नाटक. दंडारीत पायांत घुंगरू बांधून नाचतात ते पुरुष, बाईचे सोंगही पुरुषच घेतो. गाव घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बघत बसते. मालगुजारीच्या काळात मालगुजार पुढे बसायचा, खूश झाला तर बक्षीस द्यायचा, पण उठून स्वतः नाचायचा नाही. तो नाचला असता तर गावाने तोंडात बोटे घातली असती. नाचणारा निराळा, बघणारा निराळा, आणि मान बघणाऱ्याचा, असा आपल्याकडचा हिशेब. भंडाऱ्यात तोच, पुण्यात तोच, बडोद्याच्या दरबारातही तोच.

साहेबाचा हिशेब बरोबर उलटा होता. त्याच्या मुलखात मोठ्या घरी नाच असला, की नाचायचे ते घरमालकाने, त्याच्या बायकोने आणि बोलावलेल्या पाहुण्यांनी. पैसे घेऊन आलेले लोक फक्त वाद्ये वाजवणार. ज्याला बोलावणे नाही, तो फाटकाबाहेर. या प्रकाराला ते 'बॉल' म्हणत. कंपनी सरकारामागून हा बॉल हिंदुस्थानात आला आणि आपल्या माणसांना धक्का बसला तो इथेच. कलेक्टर, जज्ज, कर्नल असली भारदस्त माणसे स्वतः नाचतात, तेही परक्याच्या बायकोच्या कमरेला हात घालून, आणि तिचा नवरा बाजूला उभा राहून निवांत बघतो! इकडे साहेब आपल्या कलावंतिणींच्या नाचाला 'नॉच' म्हणत. आरंभी आवडीने बघत. पुढे मिशनऱ्यांनी आणि सुधारकांनी ओरड केली, तेव्हा नाके मुरडू लागले. ते आपल्याला हसत आणि आपण त्यांना. फरक एवढाच, की त्यांच्या हसण्यामागे तोफखाना उभा होता.

गव्हर्नराला आपले लोक लाटसाहेब म्हणत. मुंबई इलाख्याच्या लाटसाहेबाच्या पुण्यातल्या घरचा एक समारंभ मराठी माणसाला तारखेनिशी पाठ आहे: २२ जून १८९७. त्या तारखेच्याच नावाचा मराठी चित्रपट नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ मध्ये काढला. पण ही गोष्ट आपण नेहमी रस्त्यावरून ऐकतो, अंधारात दबा धरून बसलेल्या चाफेकर बंधूंच्या बाजूने. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या घरातून त्या रात्री गाड्या बाहेर पडत होत्या, त्या घराकडे कोणी वळून बघत नाही. ते कसले घर होते, तिथे कोणाला बोलावणे जाई, आणि असल्या घरांत नाच कशासाठी होत, हे कळल्यावाचून त्या रात्रीचा अर्थ निम्माच लागतो, असे मला वाटते.

इंग्लंडातल्या जमीनदारांची खेड्यातली घरे म्हणजे आपल्या भाषेत गढी म्हणा, वाडा म्हणा. पण पुरते यांपैकी कोणतेच नव्हे. हजारो एकर जमीन, कुळे, शिकारीचे रान, तळे, बाग आणि मधोमध दालनांमागे दालने असलेले घर. पार्लमेंट लंडनला भरे, पण उमेदवारी कोणाला द्यायची, कोणाला कुठल्या जागेवर चिकटवायचे आणि कोणाची मुलगी कोणाला द्यायची, हे पुष्कळदा या घरांतल्या जेवणाच्या टेबलावर आणि नाचाच्या दालनात ठरे. बॉलला आलेल्या मुलीच्या मनगटाला एक घडीचे कार्ड टांगलेले असे, त्याला गोंडा आणि बोटभर पेन्सिल. त्या रात्रीचे नाच ओळीने छापलेले, प्रत्येकापुढे रिकामी जागा. ज्याला तिच्याबरोबर नाचायचे, त्याने आपले नाव तिथे लिहवून घ्यायचे. पहिला बहुधा चौकडीचा क्वाड्रिल, मग वॉल्ट्झ, पोल्का, लान्सर्स. मध्यरात्रीच्या सुमाराला सपर, मग पुन्हा नाच. एकाच कार्डावर एकच नाव तीनदा आले, की भिंतीकडेला बसलेल्या आया एकमेकींकडे बघत. आपल्याकडे दोन घरची माणसे कांदेपोह्यांवर जे उरकतात, ते तिथे शेकडो लोकांदेखत बँडच्या तालावर चाले. वेळ जास्त लागे आणि मेणबत्त्याही.

१८९७ साली मुंबईचे गव्हर्नर होते लॉर्ड सँडहर्स्ट. त्यांची पत्नी लेडी व्हिक्टोरिया ही अशाच एका घराण्यातली. नॉर्दम्प्टनशर परगण्यातले ऑल्थॉर्प हे स्पेन्सर घराण्याचे पिढीजात घर, आणि ती चौथ्या अर्ल स्पेन्सरची मुलगी. आजच्या वाचकाला खूण पटवायची तर राजकुमारी डायनाच्या पणजोबांची ती सख्खी बहीण. म्हणजे पुण्याच्या लाटसाहेबाच्या घरी जे चाले, ती कुणा नवश्रीमंताने केलेली नक्कल नव्हती. अस्सल बियाणे होते, जमीन तेवढी परकी.

ती जमीन कोणती, हेही बघण्यासारखे आहे. आधी गव्हर्नर पुण्याला आला की दापोडीच्या बंगल्यात उतरे. सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये गव्हर्नर झाले, तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेअरबाजार फुगला होता, माणसे रातोरात लखपती होत होती. त्या धुंदीत १८६४ साली गणेशखिंडीत नवे घर बांधायचे ठरले. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. करडा दगड, इटालियन वळणाच्या कमानी, गाडीतून उतरायला छत असलेली देवडी, आणि मैलांवरून दिसणारा चौकोनी मनोरा. १८६५ मध्ये कापसाचा भाव कोसळला, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या, पण गणेशखिंडीतले बांधकाम चालूच राहिले. ते १८७१ मध्ये संपले, तोवर फ्रिअर जाऊन दुसरा गव्हर्नर आलेला. खर्च इतका वाढला की मुंबईचे गव्हर्नर किती उधळे आणि बेमुर्वत असतात, याचा मासला म्हणून हाउस ऑफ कॉमन्समध्ये या घराचा उद्धार झाला. विलायतेतल्या करदात्याच्या नावाने गळा काढणाऱ्या सभासदांना इथला रयत आठवला नसावा. पैसा तर त्याचा होता.

हे घर ऑस्बोर्न हाउसवरून बेतले, असे सांगतात. ऑस्बोर्न म्हणजे आइल ऑफ वाइट बेटावरचे राणी व्हिक्टोरियाचे आवडते घर, तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने स्वतः लक्ष घालून उभारलेले. गंमत पुढेच आहे. पुण्यात ऑस्बोर्नसारखे घर उठून वीस वर्षे झाली, तेव्हा खुद्द ऑस्बोर्नला राणीने एक नवे दालन जोडले आणि त्याचे नाव ठेवले दरबार रूम. लाहोरच्या कलाशाळेतले कारागीर भाई रामसिंग यांनी १८९० च्या सुमारास त्याच्या भिंती आणि छत हिंदुस्थानी नक्षीने मढवले. राणी हिंदुस्थानात कधी आली नाही. तिच्या घरी जेवणावळी चालत आपल्या नक्षीखाली, आणि आपल्याकडे तिचे चाकर जेवत तिच्या घराच्या नमुन्याखाली.

गणेशखिंडीला आणखीही एक नाते होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी मराठी फौज याच बाजूने खडकीवर चालून गेली. बापू गोखले घोडदळ घेऊन उतरले, मोरो दीक्षित पडले, आणि बाजीराव पर्वतीवरून बघत राहिला. त्याच महिन्याच्या २६ आणि २७ तारखेला आमच्याकडे नागपूरला सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांचीही तीच गत झाली. तेव्हा भंडारा भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ मध्ये तिसरे रघोजी वारले आणि डलहौसीने उरलेसुरले राज्यही खालसा केले. खडकीच्या लढाईतली पोरसवदा माणसे हातात काठी घेऊन अजून हिंडत असतील, तेवढ्यात त्या माळाला लागून लाटसाहेबाचे नाचघर उभे राहिले.

गव्हर्नराचे वर्ष ऋतूंप्रमाणे विभागलेले असे. हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरला, आणि पावसाळा पुण्यात. जूनच्या सुमाराला सरकारच पुण्याला येई. मागोमाग सचिव, कारकून, पलटणींचे अधिकारी, त्यांच्या बायका आणि विलायतेहून नवरा शोधायला आलेल्या त्यांच्या बहिणी. घोड्यांच्या शर्यती, जिमखाना, बंडगार्डनवरचा बँड आणि गणेशखिंडीतल्या मेजवान्या, याला 'पूना सीझन' म्हणत. इथल्या बॉलमध्ये आणि ऑल्थॉर्पच्या बॉलमध्ये एक मोठा फरक होता. तिथे पाहुणे नातेगोते आणि जमीनजुमला पाहून निवडत, इथे हुद्दा पाहून. जेवायला कोणी कोणाच्या आधी आत जायचे आणि गव्हर्नराबरोबर पहिल्या क्वाड्रिलला कोणाची बायको उभी राहायची, याचा क्रम कागदावर ठरलेला. सिनिअर कलेक्टरच्या बायकोला ज्युनिअरच्या मागे बसवले, तर पुढे वर्षभर दोन्ही बंगल्यांत बोलणे बंद.

यात आपले लोक कुठे होते? होते, पण उंबऱ्याशी. दख्खनच्या सरदारांची एक यादी सरकारने केली होती. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्गाचे सरदार. पेशवाईतल्या पराक्रमावर मिळालेल्या पदव्यांची नातवंडे पागोटी बांधून लाटसाहेबाच्या दरबाराला जात, अत्तर-पानसुपारी घेत, ओळीने पुढे सरकत आणि घरी येत. नाचाला क्वचितच थांबत. त्यांच्या बायका तर येतच नसत, आणि याच मुद्द्यावर साहेबलोकांची तक्रार होती: हे लोक स्वतःच्या बायका घरी ठेवतात आणि आमच्या बायकांचे उघडे खांदे बघायला येतात. मला ही तक्रार खोटी वाटत नाही. पण हे लोक बघत असतील ते काही खांदेच असतील, असेही वाटत नाही. राज्य कशावर चालते, हे बघायला यापेक्षा चांगली जागा पुण्यात नव्हती.

शिवाय जेवणाचा घोळ होताच. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्या. रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी व्याख्यानाला गेली आणि समोर आलेला चहा काहींनी घेतला. 'पुणेवैभव'ने नावे छापली, शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, ग्रामण्य माजले, आणि रानड्यांसारख्या न्यायाधीशाला पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाची ही किंमत; मग लाटसाहेबाच्या टेबलावरच्या सपरची काय असेल!

हिंदुस्थानात एकाच जागी हा नाच आपला झाला: गोव्यात. साष्टीतल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या वाड्यांत नाचाची मोठी दालने होती, पोर्तुगीज रीत होती, आणि त्यातूनच एकोणिसाव्या शतकात कोकणी मांडो जन्मला. स्त्री-पुरुष समोरासमोर रांगांनी उभे राहून संथपणे झुलतात, हातात पंखा, अंगाला अंग लागत नाही. मुंबईतल्या साहेबांच्या बॉलमध्ये व्हायोलिन वाजवायलाही पुष्कळदा गोव्याचेच लोक असत. वाजवणाऱ्यांना पुढच्या दाराने प्रवेश नसे.

पुढच्या दाराने कोणी जायचे, या प्रश्नाला पुण्यातल्या एका माणसाने दिलेले उत्तर मात्र सविस्तर सांगायला हवे.

राणीचा तिसरा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट हा मुंबई इलाख्याच्या फौजेचा सेनापती म्हणून पुण्यात राहात होता. २ मार्च १८८८ रोजी त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. हा इंग्रजांच्या घरचा समारंभ नव्हता. आपल्या माणसाने साहेबासाठी, साहेबाच्या थाटात केलेला होता. सरदार, सावकार, वकील हिऱ्यामोत्यांनी मढून आले. जोतीराव फुल्यांनाही बोलावणे होते. जोतीराव तेव्हा काही कफल्लक नव्हते; त्यांनी बांधकामाचे ठेके घेतलेले होते, नगरपालिकेत सभासद राहिले होते. चांगला पोशाख घरात असणारच. पण ते आले ते शेतकऱ्याच्या वेषात: आखूड धोतर, डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी. दारावरच्या लोकांनी अडवले, असे सांगतात. मग यजमान धावत आले असतील, हे सांगायला नको. आत गेल्यावर ते उठून इंग्रजीत बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता, की इथे जमलेल्या या दागिन्यांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका. राणीची खरी प्रजा खेड्यांत आहे, तिला अंगभर वस्त्र आणि अक्षरओळख नाही. आईसाहेबांना तेवढे कळवा आणि आमच्या शिक्षणाचे बघा.

मेजवानीचा सगळा डाव पोशाखावर चालतो. कोण कोण आहे हे कपड्यावरून कळावे, यासाठीच तो मांडलेला असतो. जोतीरावांनी तो डाव मोडला नाही; नियमाप्रमाणेच कपड्यावरून कळवले, की मी कोण आहे. ड्यूकला किती समजले कोण जाणे. दोन महिन्यांनी, ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांचा सत्कार झाला आणि लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

आता १८९७.

आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टराने प्लेग ओळखला. थोड्याच महिन्यांत तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला, आणि पुण्याच्या प्लेग समितीवर साताऱ्याकडून वॉल्टर चार्ल्स रँड हा अधिकारी आणून बसवला. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरून झडत्या घेत होत्या. रोगी शोधणे, संशयितांना छावणीत नेणे, घर धुणे, चीजवस्तू जाळणे. आजच्या डॉक्टराला विचाराल तर विलगीकरण आवश्यकच होते, असे तो म्हणेल. पण सोजीर बुटांनिशी देवघरात शिरे, बायकांना रस्त्यावर उभे करून काखा-जांघा तपासल्या जात, आणि सामानातले काय जळाले नि काय खिशात गेले याचा हिशेब नसे. गोपाळराव गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याच्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात अत्याचारांची हकिगत दिली. परत आल्यावर पुरावा उभा राहिना, म्हणून जाहीर माफी मागावी लागली. तो सल त्यांना पुढे जन्मभर राहिला.

आमच्या झाडीपट्टीत त्या वर्षी प्लेग नव्हता, दुष्काळ होता. १८९६ चा पाऊस ऑगस्टअखेर जो गेला, तो आलाच नाही. धान बांध्यांतच करपले. मालगुजारी तलाव आणि बोड्या होत्या तिथे थोडे तगले, बाकीचे रोजगारकामावर खडी फोडायला गेले. राणीच्या राज्याच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी, २२ जूनला, मृग सरून आर्द्रा लागल्या होत्या. ज्यांच्या घरात बियाणे उरले होते ते पऱ्हे टाकून आभाळाकडे बघत होते. त्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा दुष्काळ आला. १८९१ आणि १९०१ या दोन शिरगणत्यांमध्ये भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या दहा टक्क्यांहून अधिक घटली. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होता. म्हणजे अशी दहा माणसांतली एक गेली, मेली किंवा परागंदा झाली.

आणि याच उन्हाळ्याच्या अखेरीला राणीच्या राज्याला साठ वर्षे झाली म्हणून साम्राज्यभर रोषणाईचा हुकूम निघाला. लंडनला २२ जूनला मिरवणूक होती, पुण्यालाही त्याच दिवशी समारंभ. प्लेगमुळे पुढे ढकललेला शिवराज्याभिषेक उत्सव पुण्यात दहाच दिवसांपूर्वी झाला होता. टिळक त्या वेळी मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते; म्हणजे लाटसाहेबासमोर बसायची खुर्ची त्यांना कायद्यानेच मिळालेली होती. उत्सवात अफझलखानाच्या वधावर भाषण झाले, आणि १५ जूनच्या 'केसरी'त ते छापून आले. त्या भाषणाचा अर्थ सरकारने सहा आठवड्यांनंतर लावला.

गणेशखिंडीत त्या रात्री मेजवानी आणि स्वागताचा समारंभ होता. सांगणारे त्याला कोणी बॉल म्हणतात, कोणी जेवण. भोवतालच्या टेकड्यांवर होळ्या पेटवल्या होत्या. ज्येष्ठाचा वद्य पक्ष. चंद्र मध्यरात्रीखेरीज उगवणार नव्हता, त्यामुळे दिवे आणि जाळ उठून दिसत असणार. रस्त्याच्या कडेने पुण्याचे लोक रोषणाई बघायला जमले होते. लक्षात घ्या, रोषणाई बाहेरच्यांसाठीच असते. आत नाचणाऱ्याला टेकडीवरची होळी दिसत नाही.

त्या गर्दीत चिंचवडच्या हरिपंत चाफेकरांचे दोन मुलगे होते. हरिपंत कीर्तनकार, आणि मुले लहानपणापासून वडिलांच्या मागे टाळ धरून हिंडलेली. थोरला दामोदर कडवा सनातनी. इंग्रजांइतकाच राग त्याला सुधारकांचा. जोतीरावांसारखा माणूस त्याच्या लेखी शत्रूच ठरला असता, हे विसरून त्याची गोष्ट सांगू नये. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली ती आपणच, असे त्याने पुढे जबानीत लिहून दिले. दोघे भाऊ संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला गणेशखिंडीत आले. तलवारी अवजड वाटल्या म्हणून रस्त्याच्या एका मोरीखाली दडवल्या आणि पिस्तुले जवळ ठेवली. मग चार-साडेचार तास वाट बघितली. आत जेवण, टोस्ट आणि बँड. बाहेर हे दोघे.

मध्यरात्र उलटली आणि गाड्या निघू लागल्या. दामोदर बंगल्याच्या फाटकाशी उभा होता. रँडची गाडी ओळखून तो तिच्यामागे धावत सुटला. पिवळ्या बंगल्यापाशी आल्यावर ठरल्याप्रमाणे ओरडला, "गोंद्या आला रे!" गाडीचा पडदा वर करून त्याने हातभर अंतरावरून गोळी झाडली. दुसरा भाऊ बाळकृष्ण मागे राहिला होता. मागच्या गाडीतली माणसे काही कुजबुजताहेत असे वाटून त्याने त्या गाडीतल्या माणसावर गोळी घातली. तो लेफ्टनंट आयर्स्ट. जागीच ठार झाला. त्याची बायको शेजारी बसलेली होती. प्लेगच्या झडत्यांचा हुकूम आयर्स्टने काढलेला नव्हता. रँडला ससून रुग्णालयात नेले. तो ३ जुलैला वारला.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. वीस हजारांचे बक्षीस, पुण्यावर शिक्षेदाखल बसवलेली जादा पोलीस चौकी, नातू बंधू विनाचौकशी अटकेत, २७ जुलैला टिळकांना पकडले आणि सप्टेंबरात अठरा महिन्यांची सजा. दामोदरला १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याला फाशी दिले. माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना धाकट्या वासुदेव चाफेकराने आणि महादेव रानड्याने मारले. १८९९ च्या मे महिन्यात चार दिवसांत वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण असे तिघे फासावर गेले. हरिपंतांच्या घरात मुलगा म्हणून कोणी उरला नाही.

घरांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. गव्हर्नराचे मुंबईतले जुने घर परळला होते. मूळची ती पाद्र्यांची वास्तू. इंग्रजांनी प्रार्थनेच्या दालनाचे जेवणघर केले आणि त्याच्यावर नाचाचे दालन चढवले. १८८२ मध्ये तिथे गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीने गेली, तेव्हापासून लाटसाहेब मलबार हिलच्या टोकाला राहू लागले. परळचे घर ओस पडले. १८९९ साली ते वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेसाठी मिळाले. त्याने १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. जिथे वॉल्ट्झ चालले, तिथे लशीच्या बाटल्या भरू लागल्या. ती संस्था आजही परळला आहे, हाफकिनच्याच नावाने.

गणेशखिंडीतल्या घरात लाटसाहेब पावसाळे काढत राहिले. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना ते घर आणि भोवतालची चारशे अकरा एकर जागा पुणे विद्यापीठाला मिळाली. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. बॉलच्या दालनांत सिनेटच्या सभा आणि पदव्यांचे अर्ज आले. मी तिथे एकदा एका कागदाच्या कामाला गेलो होतो. काम झाले नाही. बाहेर येऊन देवडीच्या पायरीवर बसलो. समोरच्या वडाखाली पोरे वडापाव खात होती आणि कोणीतरी मोबाइलवर गाणे लावून दोन मुलींना नाचाच्या पायऱ्या शिकवत होते. बोलावण्याची गरज कोणालाच नव्हती.

सोजिरांच्या झडत्या सुरू होण्याआधी तीन दिवस, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगने वारल्या. रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांना लागण झाली होती. राणीच्या नावाने गणेशखिंडीत दिवे लागले, तेव्हा त्यांना जाऊन साडेतीन महिने होत आले होते. २०१४ पासून त्या विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे.